अल्पवयी वाचक, इंटरनेट आणि कायदा

लहान मुलांच्या हातीं काय पडूं द्यावें आणि काय पडूं देऊं नये, हा प्रश्न आईबापांइतकाच जुना आहे. घरांतील वडील माणसें कांहीं गोष्टी मुलांसमोर बोलत नाहींत, कांहीं पुस्तकें वरच्या फळीवर ठेवतात, आणि कांहीं नाटकांस मुलांना बरोबर नेत नाहींत. हा निर्बंध कोणी कायदा करून घातलेला नसतो. तो वात्सल्यापोटीं आलेला असतो, आणि मूल जाणतें होत गेलें म्हणजे तो आपोआप सैल होत जातो. परंतु जी वस्तु घराच्या उंबरठ्याबाहेरून, परक्या माणसाकडून, आणि तीही क्षणार्धांत मुलाच्या हातीं येते, तिच्यापुढें घरच्या निर्बंधाचा उपाय पुरा पडत नाहीं. अशा वेळीं समाज कायद्याकडे धांव घेतो. इंटरनेटच्या बाबतींत गेल्या तीस वर्षांत हेंच घडलें आहे. निरनिराळ्या देशांनीं कायदे केले. न्यायालयांनीं त्यांतील कांहीं रद्द केले, कांहीं उचलून धरले. आणि हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. हे सर्व कायदे शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींच्या नांवानें झालेले आहेत. ज्याच्या नांवानें कायदा होतो त्यालाच त्या कायद्याची ओळख नसावी, हें बरें नव्हे. म्हणून, हा वाद ज्या देशांत फार दिवस व फार बारकाईनें चालला त्या अमेरिकेचें उदाहरण मुख्यत्वेंकरून पुढें ठेवून, त्याचें स्वरूप समजावून सांगण्याचा यत्न आम्ही येथें करीत आहों.

आरंभींच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मुलांचा छळ दाखविणारीं चित्रें करणें, बाळगणें किंवा पसरविणें हा सर्व सुधारलेल्या देशांत गुन्हा आहे. तो लहानासही गुन्हा व थोरासही गुन्हा. त्याविषयीं दुमत नाहीं. वाद आहे तो वेगळ्याच मजकुराविषयीं. जो मजकूर प्रौढ माणसानें पाहिल्यास कायदा त्यास अडवीत नाहीं, परंतु जो अल्पवयी मुलाच्या हातीं पडल्यास त्याला अपाय होईल असें समाजास वाटतें, त्या मजकुराचें काय करावें? येथें कायद्यापुढें दोन प्रश्न उभे राहतात. अपायकारक म्हणावें कशास, हा पहिला. आणि दारांत उभा असलेला वाचक लहान आहे कीं थोर, हें ओळखावें कसें, हा दुसरा. पुढील सर्व इतिहास या दोन प्रश्नांचाच आहे.

१८६८ सालीं इंग्लंडमध्यें 'हिक्लिन' या नांवानें प्रसिद्ध असलेला एक खटला झाला. त्यांत सरन्यायाधीश कॉकबर्न यांनीं अशी कसोटी घालून दिली कीं, ज्यांचीं मनें वाईट संस्कार चटकन् घेतात अशांच्या हातीं एखादें लिखाण पडणें संभवनीय असेल, तर त्यांस बिघडविण्याकडे त्या लिखाणाचा कल आहे कीं नाहीं, तें पाहावें. ही कसोटी वरवर पाहतां दयाळूपणाची वाटते. परंतु तिचा परिणाम असा होतो कीं, समाजांतील सर्वांत कोंवळ्या वाचकास जें सोसणार नाहीं, तें सर्वांसच वर्ज्य ठरतें. आजाऱ्यास पेज द्यावी हें खरें. पण म्हणून घरांतील सर्वांनींच पेजेवर राहावें, असें कोणी म्हणत नाहीं. तरीही ही कसोटी अमेरिकेंतील न्यायालयांनीं पुष्कळ वर्षें वापरली, व हिंदुस्थानांतही ती दीर्घकाळ मान्य होती.

अमेरिकेंत या विचारास १९५७ सालीं धक्का बसला. मिशिगन राज्याच्या कायद्यानें, तरुणांस बिघडवील असें पुस्तक कोणासही विकणें हा गुन्हा ठरविला होता. एका पोलीस अंमलदारास असें पुस्तक विकल्याबद्दल बटलर नांवाच्या इसमास शिक्षा झाली. पुस्तक घेणारा अर्थातच लहान मूल नव्हता. खटला सर्वोच्च न्यायालयांत गेला, तेव्हां न्यायमूर्ति फ्रँकफर्टर यांनीं निकालांत म्हटलें कीं, हा कायदा म्हणजे डुक्कर भाजण्यासाठीं सबंध घर पेटवून देण्यासारखा आहे. यामुळें राज्यांतील प्रौढ माणसांनींही मुलांना शोभेल तेवढेंच वाचावें, अशी स्थिति होईल. कायदा रद्द झाला. मुलांचें रक्षण करावें, परंतु त्यासाठीं थोरांस मूल करूं नये, हा पहिला सिद्धांत येथें प्रस्थापित झाला.

दुसरा सिद्धांत ११ वर्षांनीं आला. न्यूयॉर्क राज्यांतील बेलमोर या गांवच्या एका दुकानदारानें १६ वर्षांच्या मुलास नग्न चित्रांचीं दोन मासिकें विकलीं. तेथील कायदा फक्त १७ वर्षांखालील मुलांस अशीं मासिकें विकण्यापुरताच होता. थोरांस तीं विकण्याची मनाई नव्हती. आणि आईबापांना आपल्या मुलासाठीं एखादें मासिक घ्यावेंसें वाटल्यास त्यांसही अडथळा नव्हता. सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं 'गिन्सबर्ग' खटल्यांत हा कायदा कायम केला. मुलांना वाढविण्याच्या कामीं आईबापांस कायद्याचा आधार मिळावा, हें एक कारण. आणि मुलांच्या हिताची काळजी राज्यासही आहे, हें दुसरें. थोरांस जें मोकळें आहे तें मुलांस नाकारतां येतें, हा दुसरा सिद्धांत होय.

हे दोन्ही सिद्धांत एकत्र नांदूं शकले याचें कारण दुकानाचा गल्ला. गल्ल्यावर बसलेल्या दुकानदारास समोरचें गिऱ्हाईक दिसतें. मिशी फुटली आहे कीं नाहीं, गणवेश कोणत्या शाळेचा आहे, हें तो एका दृष्टिक्षेपांत ओळखतो, आणि संशय आल्यास वय विचारतो. मोठ्या माणसास या तपासणीचा कांहींच त्रास होत नाहीं. तो पैसे टाकतो, मासिक घेतो आणि जातो. त्याचें नांव कोणी लिहून ठेवीत नाहीं. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण इंटरनेट आल्यावर मोडलें तें नेमकें हेंच.

इंटरनेटवर गल्ला नाहीं, आणि चेहराही नाहीं. लिहिणारा एका खंडांत, वाचणारा दुसऱ्या खंडांत, आणि दोघांमध्यें केवळ तार. वाचणारा १० वर्षांचा आहे कीं ६० वर्षांचा, हें लिहिणाऱ्यास कळण्याचा मार्ग नाहीं. अशा स्थितींत अमेरिकेच्या काँग्रेसनें १९९६ सालीं दूरसंचाराच्या मोठ्या कायद्यांत सभ्यतेविषयींचा एक भाग घातला, व राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीं त्यावर ८ फेब्रुवारी १९९६ रोजीं सही केली. १८ वर्षांखालील व्यक्तीस पोंचेल अशा रीतीनें 'असभ्य' किंवा 'उघड उघड किळसवाणा' मजकूर इंटरनेटवर ठेवणारास दोन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा त्यांत सांगितली होती.

या कायद्याविरुद्ध नागरिक स्वातंत्र्याच्या संस्था व ग्रंथपालांचा संघ न्यायालयांत गेले. २६ जून १९९७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं लिहिलेल्या त्या निकालांत कायद्याचे दोष एकामागून एक मांडले आहेत. 'असभ्य' या शब्दाची व्याख्याच केलेली नव्हती. वय ओळखण्याचें सोपें व स्वस्त साधन त्या काळीं कोणापाशीं नव्हतें. म्हणून शिक्षा टाळावयाची तर लिहिणाऱ्यानें सर्वांसाठींच लिहिणें बंद करावें, एवढाच मार्ग उरत होता. न्यायालयानें दिलेलें एक उदाहरण तर फारच बोलकें आहे. कॉलेजांत गेलेल्या १७ वर्षांच्या मुलास त्याच्या बापानें संततिनियमनाविषयीं माहिती ई-मेलनें पाठविली, आणि ती माहिती कॉलेजच्या गांवच्या लोकांस असभ्य वाटली, तर त्या बापासही तुरुंगांत जाण्याची पाळी येऊं शकली असती! आईबापांच्या साहाय्यासाठीं निघालेला कायदा आईबापांवरच उलटावा, यास काय म्हणावें? नऊही न्यायमूर्तींच्या मतें कायद्याचा हा भाग, निदान त्याचा बहुतेक अंश, टिकण्याजोगा नव्हता. न्यायमूर्ति ओकॉनर यांनीं मात्र आपल्या स्वतंत्र मतांत सूचित केलें कीं, दुकानांत जसा वयाचा आडपडदा घालतां येतो तसा इंटरनेटवर घालण्याचें तंत्र पुढें निघाल्यास विचार बदलूं शकेल. ही सूचना पुढें फार महत्त्वाची ठरली.

काँग्रेस स्वस्थ बसली नाहीं. १९९८ सालीं तिनें दुसरा कायदा केला, तो अधिक नेमका होता. केवळ व्यापारासाठीं चालणारीं संकेतस्थळें त्यांत घेतलीं. 'असभ्य' हा मोघम शब्द सोडून 'अल्पवयी मुलांस अपायकारक' याची व्याख्या दिली. आणि क्रेडिट कार्ड वगैरे साधनांनीं वय तपासणाऱ्यास शिक्षेंतून सूट ठेवली. दंड दिवसास ५०,००० डॉलरपर्यंत व तुरुंगवास सहा महिन्यांपर्यंत होता. परंतु हाही कायदा न्यायालयांत अडकला. २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ४ मतांनीं त्याची तहकुबी कायम ठेवली. बहुमताचें म्हणणें असें कीं, घरच्या संगणकावर आईबापांनीं फिल्टर, म्हणजे नको तो मजकूर गाळणारें सॉफ्टवेअर, बसविल्यास तेंच काम कमी जाचानें होईल. शिवाय पुष्कळसा अपायकारक मजकूर परदेशांतून येतो. तेथें अमेरिकेचा कायदा पोंचत नाहीं, पण फिल्टर मात्र तो अडवितो. शेवटीं २००९ च्या जानेवारींत हा कायदा कायमचा निकालांत निघाला. दहा वर्षांत तो एक दिवसही अंमलांत आला नव्हता.

फिल्टरसही मर्यादा आहेत. यंत्रास अक्षरें कळतात, अर्थ कळत नाहीं. १९९६ सालीं इंग्लंडांतील स्कन्थॉर्प गांवच्या लोकांस अमेरिका ऑनलाईन या कंपनीकडे खातें उघडतां येईना, कारण त्यांच्या गांवाच्या नांवांतील कांहीं अक्षरें जुळून एक अश्लील इंग्रजी शब्द होत होता! ही गोष्ट हंसण्यावारी नेतां येईल. पण अशाच यंत्रानें शरीराच्या रोगांविषयींची माहिती एखाद्या आजारी किंवा भ्यालेल्या मुलापासून अडविली, तर ती हंसण्याची बाब राहत नाहीं. २००० सालच्या आणखी एका कायद्यानें, सरकारी साहाय्य घेणाऱ्या शाळांस व सार्वजनिक वाचनालयांस फिल्टर बसविणें भाग पडलें. २००३ सालीं न्यायालयानें तो कायदा कायम केला. प्रौढ वाचकानें ग्रंथपालास सांगितल्यास फिल्टर काढतां येतो, हें तो कायम होण्याचें एक मोठें कारण होतें. येथें कायद्यास पुन्हां एक गल्ला सांपडला, व त्यावर एक माणूस बसलेला होता.

मुलांस अपाय होईल एवढें म्हटलें कीं वाटेल तो कायदा टिकतो, असेंही नाहीं. कॅलिफोर्निया राज्यानें मारामारीचे व्हिडिओ-खेळ १८ वर्षांखालील मुलांस विकण्याची बंदी केली होती. ती २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रद्द केली. न्यायमूर्ति स्कालिया यांनीं दाखवून दिलें कीं, मुलांना आपण ज्या ग्रिमबंधूंच्या परीकथा वाचावयास देतों त्यांतही क्रौर्य कांहीं कमी नाहीं. मुलें हींही नागरिक आहेत, आणि वाचण्यापाहण्याचा हक्क त्यांसही आहे. नग्नतेच्या चित्रांविषयीं जो अपवाद मान्य झाला तो राज्यास हवा तितका ताणतां येत नाहीं, असें या निकालाचें तात्पर्य आहे.

मध्यंतरीं काळ पालटला. घरांतील एका कोपऱ्यांतला संगणक जाऊन प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आला. आईबापांच्या डोळ्यांसमोर असलेलें यंत्र आतां पांघरुणाखालीं जाऊं लागलें. तेव्हां निरनिराळ्या राज्यांनीं पुन्हां कायदे आरंभिले. लुइझियाना राज्याचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून अंमलांत आला. ज्या संकेतस्थळावर एक तृतीयांशाहून अधिक मजकूर मुलांस अपायकारक आहे, त्यानें प्रत्येक वाचकाचें वय तपासलेंच पाहिजे, असा त्याचा आशय होता. टेक्सस राज्यानें त्याच सालीं असाच कायदा केला. त्यांत दिवसास १०,००० डॉलरपर्यंत दंड, आणि कायदा मोडल्यामुळें एखादें मूल आंत शिरल्यास २,५०,००० डॉलरपर्यंत अधिक दंड ठेवला. हा कायदा २७ जून २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ६ विरुद्ध ३ मतांनीं कायम केला. न्यायमूर्ति थॉमस यांनीं लिहिलें कीं, वय तपासण्याचा प्रौढांवर पडणारा भार हा आनुषंगिक आहे, आणि मुलांस दूर ठेवण्याच्या राज्याच्या अधिकारांतच तपासणीचा अधिकार येतो. न्यायमूर्ति केगन यांनीं विरुद्ध मत देतांना, मुलांच्या रक्षणाचा हेतु मोठा आहे हें मान्य केलें. परंतु प्रौढांवर याहून कमी भार पडेल असा दुसरा मार्ग नाहीं, हें राज्यानें आधीं सिद्ध करावयास हवें होतें, असें त्यांचें म्हणणें पडलें. तोंपर्यंत वीसांहून अधिक राज्यांनीं असे कायदे केले होते.

आतां वय तपासतात तरी कसें, हें पाहूं. एक रीत सरकारी ओळखपत्राचें छायाचित्र मागविण्याची. दुसरी बँकेच्या कार्डावरून किंवा अन्य व्यवहारांवरून वय ताडण्याची. तिसरी कॅमेऱ्यासमोर चेहरा धरावयास लावून यंत्रानें वयाचा अंदाज करण्याची. पहिल्या दोहोंत माणसाचें नांवगांव उघड होतें. तिसरींत अंदाज चुकण्याचें भय असतें, कारण १७ व १९ यांतील फरक चेहऱ्यावरून ओळखणें माणसासही कठीण आहे. आणखीही एक रीत निघाली आहे. तिसऱ्याच एका विश्वासू संस्थेनें वय तपासावें आणि संकेतस्थळास केवळ 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच कळवावें. ही त्यांतल्या त्यांत निर्धोक होय, पण तीही त्या संस्थेच्या सचोटीवर अवलंबून असते.

जुन्या दुकानदारापेक्षां हा नवा पहारेकरी वेगळा आहे, तो येथेंच. दुकानदार पाहत असे व विसरत असे. हा पाहतो व लिहून ठेवूं शकतो. टेक्ससच्या कायद्यानें अशी माहिती साठविण्यास मनाई केली आहे हें खरें. परंतु सर्वत्र ती शिस्त राहतेच असें नाहीं. २०२५ च्या ऑक्टोबरांत डिस्कॉर्ड या कंपनीनें जाहीर केलें कीं, तिच्यासाठीं काम करणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेकडून सुमारें ७०,००० लोकांच्या ओळखपत्रांचीं छायाचित्रें चोरांच्या हातीं गेलीं असावींत. त्यांत वयाच्या तक्रारींसाठीं दिलेलीं ओळखपत्रें होतीं. मुलांच्या रक्षणासाठीं घातलेल्या कुंपणानेंच शेत खावें, असाच हा प्रकार होय.

उलट पक्षीं, कायदा नसल्यानें काय होतें तेंही विसरून चालणार नाहीं. इंग्लंडांत मॉली रसेल नांवाची १४ वर्षांची मुलगी २०१७ सालीं स्वतःच्या हातानें मरण पावली. तिच्या मृत्यूच्या चौकशींत असें दिसून आलें कीं, तिच्या मोबाईलवर आत्मघात व नैराश्य यांविषयींचा मजकूर वारंवार येत होता, आणि त्यांतील कांहीं भाग तिनें मागितलेलाही नव्हता; समाजमाध्यमांच्या यंत्रणेनें तो आपण होऊन तिच्यापुढें आणला होता. अशा मजकुराचा तिच्या मृत्यूस हातभार लागला, असा निर्णय चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें २०२२ च्या सप्टेंबरांत दिला. अपाय म्हणजे केवळ अश्लीलता, ही जुनी समजूत किती अपुरी होती, हें या दुःखद प्रकरणानें जगाच्या निदर्शनास आणिलें. इंग्लंडच्या २०२३ सालच्या ऑनलाईन सुरक्षा कायद्यानें म्हणून आत्मघात, स्वतःस इजा करणें व खाण्यापिण्याचे मनोविकार यांस उत्तेजन देणारा मजकूरही मुलांपासून दूर ठेवण्याचें बंधन कंपन्यांवर घातलें, आणि मजकूर मुलांपुढें कोणत्या रीतीनें येतो याचा विचार करणेंही त्यांस भाग पाडलें. मुलांविषयींचीं हीं बंधनें २५ जुलै २०२५ पासून लागू झालीं. दंड १ कोटि ८० लक्ष पौंड किंवा कंपनीच्या जगांतील एकंदर उत्पन्नाचा दहावा हिस्सा, यांपैकीं जो अधिक असेल तेथपर्यंत आहे. परंतु कायदा लागू होतांच, आपण दुसऱ्या देशांत आहों असें भासविणारीं व्ही. पी. एन. नांवाचीं साधनें तेथील लोक झपाट्यानें घेऊं लागले, हेंही नमूद केलें पाहिजे. ऑस्ट्रेलियानें तर याहून पुढें पाऊल टाकलें. १० डिसेंबर २०२५ पासून तेथें १६ वर्षांखालील मुलांस मोठ्या समाजमाध्यमांवर खातें ठेवतां येत नाहीं. दंड आहे तो कंपनीस. मुलास अथवा त्याच्या आईबापांस शिक्षा नाहीं.

आमच्या देशांत हा विचार इंटरनेटच्या पूर्वींपासून चालत आला आहे. १९५६ सालीं अल्पवयींसाठीं अपायकारक प्रकाशनांविषयीं कायदा झाला. क्रौर्य, हिंसा व बीभत्स प्रसंग रंगविणाऱ्या ज्या चित्रकथा २० वर्षांखालील तरुणांस बिघडवितील, त्यांची विक्री त्यानें गुन्हा ठरविली. मराठी वाचकांस याहूनही जवळचें उदाहरण 'शामा' या कथेचें आहे. चंद्रकांत काकोडकर यांची ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकांत छापली होती, व तिजवर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबईच्या उच्च न्यायालयानें ती दोषी ठरविली. परंतु सर्वोच्च न्यायालयानें १९६९ सालीं लेखकास निर्दोष सोडलें. प्रेमाचा किंवा शरीराचा नुसता उल्लेख म्हणजेच अश्लीलता मानली, तर तरुणांस कोणतीच कादंबरी वाचतां येणार नाहीं व केवळ धर्मग्रंथच त्यांच्या वांट्यास येतील, अशा अर्थाचें मत न्यायालयानें नमूद केलें. पुढें २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हिक्लिनची जुनी कसोटीच बाजूस सारली.

इंटरनेटपुरतें बोलावयाचें तर, २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६७ वें कलम अश्लील मजकुराविषयीं आहे, आणि मुलांच्या छळाच्या चित्रांसाठीं त्यांत पुढें '६७ ब' हें स्वतंत्र कलम घातलें गेलें. २०२१ च्या नियमांनीं इंटरनेटवरील चित्रपट व मालिका यांस ७, १३, १६ अशा वयांच्या पायऱ्या लावल्या, व फक्त प्रौढांसाठीं असलेल्या कार्यक्रमांस वयाची तपासणी सांगितली. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानें वेगळीच वाट धरली. १८ वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वीं आईबापांची खात्रीलायक संमति घ्यावी, आणि मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवून त्यांस उद्देशून जाहिराती करूं नयेत, असा दंडक त्यांत आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले असून बंधनें टप्प्याटप्प्यानें लागू करण्याचें ठरलें आहे. म्हणजे मुलापुढें काय येतें एवढेंच न पाहतां, मुलाकडून काय घेतलें जातें हेंही कायदा आतां पाहूं लागला आहे.

या सर्व इतिहासावरून आम्हांस असें वाटतें कीं, असा कोणताही कायदा पुढें आला असतां विचारी विद्यार्थ्यानें त्यास चार प्रश्न विचारावे. त्यांतील शब्द नेमके आहेत काय, कीं ज्याच्या मनांत येईल त्यास ते कोणाही विरुद्ध वापरतां येतील? मुलांसाठीं घातलेलें दार थोरांस मोकळें राहतें काय? त्या दारावर जी ओळख मागितली जाते ती पुढें कोठें जाते, व किती दिवस राहते? आणि शेवटीं, अपायाबरोबर एखादी गरजेची गोष्ट, जसें आरोग्याचें ज्ञान किंवा संकटांतील साहाय्य, मुलापासून हिरावली तर जात नाहीं ना? ज्या कायद्याची या चारही प्रश्नांस समाधानकारक उत्तरें असतील, तो बहुधा चांगला असेल. ज्याचीं नसतील, तेथें चोर सुटून संन्याशास सुळीं जाण्याचें भय आहे.

कायद्यास एक मर्यादा मात्र नेहमींच राहणार. तो दारावर उभा राहूं शकतो. मुलाच्या शेजारीं बसूं शकत नाहीं. आंत शिरलेल्या मुलानें जें पाहिलें त्यानें तें घाबरलें, कीं लाजलें, कीं एकटें पडलें, हें कायद्यास कळत नाहीं. तें आईबापांस, वडील भावाबहिणींस व गुरुजनांस कळलें पाहिजे. आणि मुलानें तें निःशंकपणें सांगावें असें वाटत असेल, तर ऐकणाऱ्यानें पहिला शब्द रागाचा काढूं नये. मोबाईल हिसकावला जाईल या भीतीनें पुष्कळ मुलें आपलें दुःख गिळून बसतात, आणि खरा अपाय तेथेंच वाढतो. आमच्या विद्यार्थिबंधूंस व भगिनींस आमचें सांगणें एवढेंच कीं, न मागतां एखादी वाईट गोष्ट तुमच्यापुढें आली, तर तो तुमचा अपराध नव्हे. परक्यानें छायाचित्र मागितलें, धमकी दिली, अथवा एखाद्या मजकुरानें मन खचूं लागलें, तर त्याच दिवशीं विश्वासाच्या वडील माणसास सांगावें. घरीं तसें कोणी नसेल, तर मुलांसाठीं असलेल्या १०९८ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. तेथें बोलावयास पैसे पडत नाहींत. कायदे होतील, मोडतील व पुन्हां होतील. त्यांची वाट न पाहतां एवढें तरी आपल्या हातांत आहे.